शनिवारी मऊ, सोमवारी कडक

१८८६ पर्यंत अ‍ॅल्युमिनियम हा श्रीमंतांचा धातू होता. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, विजेच्या साहाय्याने तो धातू काढण्याची एकच रीत शोधली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्याचा भाव कोसळला. धातू स्वस्त झाला, हलका तर तो होताच. पण त्याचे करायचे काय, हा प्रश्न उरला. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम इतका मऊ, की त्याची भांडीकुंडी होतील; भार पेलणारा दांडा व्हायचा नाही. त्यात तांबे किंवा जस्त मिसळले तर थोडा जोर यायचा, पण पोलादाशी बरोबरी करण्याचे नाव नको.

या प्रश्नाचे उत्तर विमानासाठी शोधले गेले असे आपण सहज समजतो. प्रत्यक्षात ते काडतुसासाठी शोधले जात होते. काडतुसाचे पितळी कवच जड असते, आणि सैनिकाला ते ओझे अंगावर वाहावे लागते. पितळेऐवजी अ‍ॅल्युमिनियम वापरता आले तर तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त दारूगोळा नेता येईल, असा जर्मन लष्करी उद्योगाचा सरळ हिशेब होता. हे काम बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग इथल्या एका संशोधन केंद्राकडे आले आणि तिथे ते आल्फ्रेड विल्म या धातुतज्ज्ञाच्या हाती पडले. विल्म १८६९ मध्ये सायलेशियात जन्मलेला. १९०१ पासून तो या केंद्रात होता.

विल्मने पोलादाचा कित्ता गिरवायचे ठरवले. लोहार पाते लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात बुडवतो. पाणी दिल्याबरोबर पाते कडक होते. हेच अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला का करू नये? त्या काळी हा विचार तसा खुळचटच वाटला असणार, कारण पोलाद का कडक होते हेच पुरते कळलेले नव्हते. विल्मने तांबे मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. थोडेफार यश आले, पण पितळेची जागा घेण्याइतके नाही.

१९०६ च्या शरद ऋतूत त्याने सुमारे ४ टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम असलेली मिश्रधातू सुमारे ५२० अंशांपर्यंत तापवली आणि पाण्यात बुडवली. शनिवार होता. सहायकाने घाईघाईने काठिण्य मोजले. आकडा निराशाजनक होता. पाणी देऊन पोलाद कडक होते, इथे तर धातू उलट मऊच राहिला होता. उरलेली मोजमापे आठवडा सुरू झाल्यावर करायची ठरली. सोमवारी तोच तुकडा यंत्राखाली ठेवला तेव्हा काठिण्य बरेच वाढलेले निघाले. यंत्र बिघडले असावे अशी पहिली शंका येणे साहजिक होते. पण यंत्र ठीक होते. मधल्या काळात धातूला कोणी हातही लावला नव्हता. तो खोलीच्या तापमानाला नुसता पडून, आपणहून कडक झाला होता. पुढच्या मोजमापांत दिसले, की हे काठिण्य चार-पाच दिवस वाढत जाते आणि मग स्थिरावते.

विल्मची चिकाटी इथे दिसते. एखादा तो आकडा चुकीचा म्हणून खोडून मोकळा झाला असता. त्याने पुन्हा पुन्हा तापवून, बुडवून, दिवसादिवसाने मोजून या मुरण्याचा आलेख काढला. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतले आणि ड्युरेन शहरातल्या धातू कारखान्याने उत्पादनाचे हक्क मिळवले. ड्युरालुमिन या नावाने धातू बाजारात आला. काडतुसांचा विषय केव्हाच मागे पडला. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या चौपटीहून अधिक ताण सोसणारा आणि वजनात पोलादाच्या जेमतेम तिसरा हिस्सा भरणारा धातू हाती आल्यावर डोळे लागले ते आकाशाकडे.

पहिली झेप मात्र पडझडीची ठरली. इंग्लंडमधल्या व्हिकर्स कंपनीने बॅरो इथे नौदलासाठी बांधलेल्या ‘मेफ्लाय’ या प्रचंड हवाई जहाजाचा सांगाडा ड्युरालुमिनचा होता. २४ सप्टेंबर १९११ रोजी शेडबाहेर काढताना ते मधोमध मोडले. एकदाही उडाले नाही. दोष धातूचा नव्हता. वजन घटवण्यासाठी सांगाड्यातला आधार काढून टाकल्याने तो कमकुवत झाला होता. पण नव्या धातूची बदनामी व्हायला एवढे पुरेसे होते.

जर्मनीत झेपेलिनवाल्यांनी सावधपणे वाट पाहिली. त्यांची आधीची जहाजे साध्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंची होती. १९१४ अखेरच्या एलझेड २६ पासून सांगाडा ड्युरालुमिनचा झाला. महायुद्ध पेटले होते आणि ही जहाजे लंडनवर बॉम्ब टाकू लागली. ती जशी पडू लागली, तसा विल्मचा धातू शत्रूच्या हाती आयताच पडत गेला. सप्टेंबर १९१६ मध्ये एल ३३ हे जहाज इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात उतरले. खलाशांनी ते पेटवले, पण बराचसा हायड्रोजन आधीच निघून गेला होता, म्हणून सांगाडा शाबूत राहिला. इंग्रजांनी तो मोजूनमापून आर ३३ आणि आर ३४ ही जहाजे बांधली. आर ३४ ने जुलै १९१९ मध्ये अटलांटिक पार केला. ऑक्टोबर १९१७ मध्ये एल ४९ फ्रान्समध्ये जवळजवळ अखंड सापडले आणि त्यावरून अमेरिकेने ‘शेनान्डोआ’ हे जहाज उभारले. त्यासाठी लागणारा धातू अल्कोआ कंपनीने अमेरिकेतच तयार केला. ह्यूगो युंकर्सने तर ड्युरालुमिनचे पन्हळी पत्रे विमानालाच गुंडाळले. जून १९१९ मध्ये उडालेले त्याचे एफ १३ हे संपूर्ण धातूचे पहिले प्रवासी विमान. विल्म तोवर संशोधन सोडून सायलेशियात शेती करू लागला होता.

एवढे होईपर्यंत धातू का मुरतो, हे कोणालाच माहीत नव्हते. झेपेलिन आणि विमाने उडत होती ती अनुभवाने बसवलेल्या पाककृतीवर. कारण शोधण्याची गरज भासली ती अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सला. तिथे पॉल मेरिका आणि त्याचे सहकारी वॉल्टेनबर्ग व स्कॉट यांनी १९१९ मध्ये जे मांडले ते आज पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असते. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, थंड पाण्यात कमी; तसेच तापलेल्या घट्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये तांबे जास्त विरघळते आणि थंड झाल्यावर त्यात मावत नाही. धातू सावकाश थंड केला तर जास्तीचे तांबे मोठमोठ्या कणांच्या रूपाने बाहेर पडते. झटकन पाण्यात बुडवला तर तांब्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, ते आत अडकून राहते. मग खोलीच्या तापमानाला, हळूहळू, ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने निघू लागते आणि हे कण धातूच्या थरांना एकमेकांवर घसरू देत नाहीत. धातू कडक होतो तो त्यामुळे.

या मांडणीचे खरे मोल अ‍ॅल्युमिनियमपुरते नव्हते. तोपर्यंत मुरून कडक होणारी मिश्रधातू म्हणजे ड्युरालुमिन, एवढेच ज्ञान होते. मेरिकाने दाखवले की तापमानाबरोबर विद्राव्यता घटणारी कुठलीही जोडी घ्या, तिथे हा गुण असण्याची शक्यता आहे. त्यासाठी विद्राव्यतेचे आलेख उघडून पाहायचे. १९२० च्या दशकात तांबे-बेरिलियमसारख्या मिश्रधातू अशाच हाती लागल्या. विल्मला योगायोगाने जे गवसले ते आता हुडकून काढता येऊ लागले.

एक अडचण मात्र राहिली. मेरिकाचे कण कोणाला दिसत नव्हते. कडक झालेला धातू सर्वोत्तम सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी आत काहीच आढळत नव्हते. कण दिसू लागावेत इतके ते वाढवले, की धातू पुन्हा मऊ पडलेला असे. वीसएक वर्षे हा वाद चालला. १९३८ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे गिनिए आणि इंग्लंडच्या टेडिंग्टनमध्ये जॉर्ज प्रेस्टन यांनी, इथेही स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या छायाचित्रांत बारीक रेघा टिपल्या. त्यांचा अर्थ असा होता, की तांब्याचे अणू अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीत एकाच अणूइतक्या जाडीच्या चकत्यांमध्ये गोळा झाले आहेत आणि या चकत्यांची रुंदी अवघी काही नॅनोमीटर आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ‘नॅनो’ हा शब्द मिरवण्याच्या कितीतरी आधी कारखाने नॅनो आकाराची वस्तू टनावारी बनवत होते, आणि ती प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायला १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. आल्फ्रेड विल्म १९३७ मध्ये वारला होता. आपल्या तुकड्यात त्या शनिवार-रविवारी काय घडले याचे चित्र त्याने कधीच पाहिले नाही.

या चकत्यांची एक गंमत पुढे उघडकीला आली. १९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानाला जे इंजिन होते, त्याची पेटी सुमारे ८ टक्के तांबे असलेल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. १९९४ मध्ये फ्रँक गेल आणि मार्था गुडवे यांनी त्या पेटीच्या धातूची तपासणी केली तेव्हा त्यात गिनिए-प्रेस्टन यांनी वर्णिलेल्याच चकत्या सापडल्या. ओतकाम साच्यात थंड होता होता धातू आपसूक मुरला होता. विल्मच्या तीन वर्षे आधी ही युक्ती आकाशात जाऊन आली होती, आणि ती उडवणाऱ्यांनाही तिचा पत्ता नव्हता.

आता दुसरी बाजू. ज्या तांब्यामुळे धातू कडक झाला, तेच तांबे त्याच्या मुळावर उठले. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ, चिवट थर बसतो आणि तो धातूला राखतो. पण ड्युरालुमिनमध्ये तांब्याचे कण आणि भोवतालचा अ‍ॅल्युमिनियम यांत खारट ओलाव्यामुळे छोटा विद्युतघट तयार होतो. त्यातही वाईट म्हणजे धातूचे दाणे जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमांवर तांबे जास्त साचते, लगतचा पट्टा तांब्याविना राहतो आणि क्षरण त्या पट्ट्यातून आत घुसते. पत्र्याचा पृष्ठभाग वरून जवळजवळ धडधाकट दिसतो, आतून दाणे सुटे झालेले असतात. १९२० च्या दशकात हवाई जहाजांचे आणि समुद्रावरच्या विमानांचे पत्रे ठिसूळ होऊ लागले तेव्हा अभियंत्यांची झोप उडाली.

ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्येच हेन्री रॉडन यांनी मिठाच्या पाण्यात आणि किनाऱ्यावर उघड्यावर पत्रे ठेवून याचा छडा लावला. १९२८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अहवालांत एक साधी, पण कारखान्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट होती: पाणी कसे द्यायचे यावर धातूचे आयुष्य ठरते. पत्रे वाकडे होऊ नयेत म्हणून कारखानदार उकळते पाणी किंवा तेल वापरत. त्याने धातू सावकाश निवतो, काठिण्यात फारसा फरक पडत नाही, पण सीमांवर तांबे साचायला सवड मिळते. थंडगार पाण्यात झटक्याने बुडवलेला पत्रा कितीतरी जास्त टिकला. काठिण्य मोजणाऱ्या यंत्राला हा फरक दिसलाच नसता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा क्षण हाच. तोवर धातूला एकच प्रश्न विचारला जात होता, ‘किती कडक?’ आता ‘किती दिवस?’ हाही विचारला जाऊ लागला.

उपाय दोन बाजूंनी आले. इंग्लंडमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी १९२३ मध्ये क्रोमिक आम्लात वीज सोडून पृष्ठभागावर जाड ऑक्साइड चढवण्याची रीत काढली. अ‍ॅनोडायझिंगची औद्योगिक सुरुवात ती. अल्कोआच्या एडगर डिक्स यांनी १९२७ मध्ये त्याहून सोपा मार्ग मांडला. कडक मिश्रधातूच्या जाड पाटावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे थर ठेवायचे आणि तापवून एकत्र लाटायचे. मधला गाभा भार घेतो, वरचा थर हवापाणी सोसतो. ओरखडा उठून गाभा उघडा पडला तरी शुद्ध थर आधी झिजतो आणि गाभ्याला वाचवतो. याचे नाव अल्क्लॅड. १९२९ मध्ये अमेरिकन नौदलाने या पत्र्याचे कवच असलेले झेडएमसी-२ हे हवाई जहाज उडवले. ते १९४१ पर्यंत सेवेत राहिले. १९३५ मध्ये आलेल्या डग्लस डीसी-३ ची कातडी याच जातीची, अधिक जोरकस २४एस मिश्रधातूची. त्याची लष्करी आवृत्ती आपल्याला डाकोटा म्हणून ठाऊक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेली विमाने तीच.

या काळातल्या कारखान्यांचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. विमानाला हजारो रिबिटे ठोकायची असतात, आणि ठोकताना रिबिट मऊ हवे, ठोकल्यावर कडक. पाणी दिल्यावर पहिला थोडाच वेळ धातू मऊ असतो; २४एसच्या रिबिटांना तर जेमतेम दहा-वीस मिनिटे मिळत. मग युक्ती काढली गेली: पाणी दिलेली रिबिटे थेट बर्फाच्या पेटीत. थंडीत अणूंची हालचाल मंदावते, मुरणे थांबते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांत शीतपेट्यांतून काढलेली रिबिटे कामगार लगबगीने ठोकत आणि ती नंतर पंखात बसून आपापली कडक होत.

तांब्याऐवजी जस्त आणि मॅग्नेशियम घातले तर धातू याहूनही कडक होतो, हे जर्मनीत सांडर आणि माइसनर यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते. पण हा धातू विश्वासघातकी होता. ताण आणि ओलावा दोन्ही एकाच वेळी असले, की त्याला पूर्वसूचना न देता तडे जात. १९३६ मध्ये जपानमध्ये सुमितोमोच्या इसामू इगाराशी यांनी त्यात थोडे तांबे आणि किंचित क्रोमियम घालून तडे बऱ्याच अंशी आवरले. मित्सुबिशीच्या जिरो होरिकोशी यांनी झिरो लढाऊ विमानाच्या पंखाचा मुख्य दांडा याच धातूचा केला आणि विमान कमालीचे हलके झाले. अमेरिकेत अल्कोआची ७५एस मिश्रधातू १९४३ मध्ये आली. तिच्यातही जस्त, मॅग्नेशियम, तांबे आणि क्रोमियमच होते. तीच आजची ७०७५.

युद्धात विमानाचे आयुष्य महिन्यांत मोजले जाई, म्हणून तडे फारसे बोचले नाहीत. जेट युगात विमाने वर्षानुवर्षे उडू लागली आणि जाड घडीव भागांतले तडे पुन्हा डोके वर काढू लागले. ७०७५ सर्वाधिक कडक करण्याच्या प्रक्रियेला टी६ म्हणतात: पाणी द्यायचे आणि सुमारे १२० अंशांवर दिवसभर मुरवायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अल्कोआने टी७३ ही प्रक्रिया आणली. तिच्यात धातू आधी सुमारे ११० अंशांवर आणि मग १६० च्या पुढे जास्त मुरवतात, म्हणजे काठिण्याचे शिखर मुद्दाम ओलांडतात. सीमांवरचे कण मोठे आणि विरळ होतात, तडे जवळपास थांबतात. बदल्यात दहा ते पंधरा टक्के बळ सोडावे लागते. अभियंत्यांनी कुरकुरत का होईना, पण हा सौदा पत्करला. इस्रायलमध्ये बारुख चिना यांनी १९७४ च्या पेटंटात दोन्ही साधण्याची तोड सुचवली: टी६ धातूला काही क्षण २०० अंशांच्या वर तापवायचे, लगेच थंड करायचे आणि पुन्हा १२० वर मुरवायचे. दाण्याच्या आत बळ टी६ चे, सीमेवर स्वभाव टी७३ चा. पण जाड भाग गाभ्यापर्यंत क्षणात तापत नाही, तिथे ही युक्ती अडते. याच दिशेने तीन टप्प्यांत मुरवलेली ७०५५ मिश्रधातू अखेर बोइंग ७७७ च्या पंखाच्या वरच्या पत्र्यात बसली.

दाण्यांच्या सीमा ही आतापर्यंत धातूची दुखरी जागा होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी ई. ओ. हॉल आणि एन. जे. पेच यांनी दाखवले, की दाणे जितके बारीक तितका धातू कडक, कारण प्रत्येक सीमा घसरण अडवते. मग दाणेच नॅनोमीटरांत आणले तर? नेहमीच्या पत्र्यात दाणा काही दशक मायक्रोमीटरचा असतो. नॅनोस्फटिकी धातूत तो १०० नॅनोमीटरच्या आत आणतात. जर्मनीत हर्बर्ट ग्लायटर यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना पुढे आणली. रशियातल्या उफा शहरात रुस्लान वालिएव यांनी धातूवर प्रचंड दाब देऊन तो पिळण्याची रीत वापरली. तिची मुळे हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांच्या उच्च दाबाच्या प्रयोगांत आहेत. २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि रशियातल्या संशोधकांनी मिळून ७०७५ असा पिळला, की दाणा २६ नॅनोमीटरचा झाला आणि धातूने कायमचा न वाकता जवळपास एक गिगापास्कल ताण पेलला. म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर सुमारे १०० किलो, टी६ च्या दुप्पट.

गंजाचा हिशेब इथे उलटसुलट लागतो. दाणे आणि त्यांबरोबर तांब्याचे-लोखंडाचे कणही बारीक, सर्वत्र पसरलेले असले, तर एकाच जागी खोल खड्डा पडण्याची शक्यता घटते. भुकटी चक्कीत दळून अ‍ॅल्युमिनियममध्ये क्रोमियमसारखी मूलद्रव्ये नेहमीच्या मर्यादेपलीकडे विरघळवली, तर काठिण्य आणि गंजरोध दोन्ही वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पण सीमा वाढल्या म्हणजे कण साचायच्या जागाही वाढल्या, आणि पिळलेल्या धातूत अणू इतके लवकर सरकतात, की मुरण्याची जुनी वेळापत्रके निकामी होतात. शिवाय पाणी देण्याआधी ७०७५ ला ४७० अंशांच्या आसपास तापवावे लागते. त्या तापमानाला नॅनो आकाराचे दाणे वाढून पुन्हा मोठे होतात. म्हणून आधी पाणी द्यायचे आणि मग पिळायचे, असा उलटा क्रम घ्यावा लागतो. त्यानंतर टी७३ सारखी उष्णता देऊन तडे आवरायचे म्हटले, तर मेहनतीने मिळवलेले काठिण्य तिथेही निसटू लागते.

२०१९ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी भट्टी टाळूनच पाहिले. पाणी दिलेला धातू त्यांनी खोलीच्या तापमानाला मागे-पुढे ताणला-दाबला आणि एक-दोन नॅनोमीटरचे अणूंचे पुंजके काही मिनिटांत तयार झाले. बळ तासन्‌तास मुरवलेल्या धातूइतके आले. उफा पद्धतीने पिळलेला तुकडा मात्र अजून साधारण एक सेंटिमीटर रुंदीची आणि मिलिमीटरभर जाडीची चकतीच असतो. एवढ्यातून रिबिट होईल, पंखाचा दांडा व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे.